मनगटावरची वेळ

"दिवसाला दीड मिनिट मागं पडतंय हे," घड्याळ दुरुस्त करणारा म्हणाला. डोळ्याला लावलेलं भिंग त्यानं काढलं नव्हतं, त्यामुळे तो गिऱ्हाइकाशी बोलतोय की घड्याळाशी, ते कळायला मार्ग नव्हता. "चांगलं आपटलंय कधीतरी. पट्टा बदलायला आणलंत म्हणून निदान उघडून तरी बघितलं मी."

"थोडं मागं पडतं खरं," गिऱ्हाईक म्हणालं. "जुनं आहे. वडिलांचं."

"थोडं नाही हो. दीड मिनिट. सोमवारपासून माझ्याकडे आहे, रोज ताडून बघतोय. एक दिवस कमी नाही की जास्त नाही, चोख दीड मिनिट. मागं पडण्यात मात्र एकदम प्रामाणिक आहे तुमचं घड्याळ."

आणि मग कोणी न सांगता, न विचारता त्याच्या डोक्यात वडिलांनी लहानपणी घोकून घेतलेली दीडकी सुरू झाली. पाच दीड साडेसात, सहा दीड नऊ, सात दीड साडेदहा. तिथं ती थांबली. आठवडा सात दिवसांचा. साडेदहा. रस्त्यावरून एक टेम्पो मागं मागं येत होता आणि त्याचा तो पिपाणीसारखा आवाज चालू होता, तो एकाएकी फार लांबून यायला लागला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट, आत एक माणूस, बाहेर एक स्टूल. तो त्या स्टुलावर बसला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात त्यानं विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी पडलं असेल, तर तेव्हापासून इतकंच मागं पडत असेल का?" दुरुस्तीवाल्यानं पहिल्यांदाच भिंग काढलं. "तेव्हापासून इतकंच. आतली स्प्रिंग एकदा वाकली की वाकली, ती काय रोज नव्यानं वाकणार आहे?" त्यानं विचारलं, दुरुस्त करू का, तर हा नको म्हणाला. पट्टा तेवढा घाला. का नको म्हणाला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पुरावा बिघडेल, असा एक शब्द मनात आला होता, आणि पुरावा हा शब्द आपल्याच मनात कसा आला याचंच त्याला जास्त भय वाटलं.

त्याची नोकरी शहराच्या पाण्याच्या कारखान्यात होती. नदीचं गढूळ पाणी एका बाजूनं आत येतं, दुसऱ्या बाजूनं स्वच्छ होऊन नळांना जातं, आणि मधलं सगळं, झडपा, पंप, क्लोरीनच्या टाक्या, सव्वीस यंत्रं सांभाळतात. या सव्वीस यंत्रांचं नेटवर्क बाहेरच्या जगापासून तोडलेलं. कुठलीही तार बाहेर जात नाही, कुठली आत येत नाही, कारण कोणी लांब बसून शहराच्या पाण्यात हात घालू नये. माणसांनाही तोच नियम. फाटकावर मोबाइल पेटीत ठेवायचा, टोकन घ्यायचं आणि मग आत. हे सगळं योग्यच होतं, फक्त एक अडचण होती. यंत्राच्या पोटातलं घड्याळ कधी थोडं पुढं पळतं, कधी मागं रेंगाळतं, आणि बाहेर हीच यंत्रं जगाला वेळ विचारून स्वतःला सुधारत असतात. इथं विचारायचं कोणाला? म्हणून पंचवीस यंत्रं मुख्य सर्व्हरला विचारत आणि मुख्य सर्व्हर त्याला विचारे. म्हणजे असं, की दर सोमवारी सकाळी नऊला तो फाटकावरच्या चौकीत उभा राहून पहारेकऱ्याच्या मोबाइलवरून मनगटावरचं घड्याळ सेकंदासकट लावून घेई, चार मिनिटं चालत आत जाई, आणि मनगटावरची वेळ मुख्य सर्व्हरमध्ये हातानं भरी. चावीचं घड्याळ चाले, कारण त्यात बिनतारी काही नव्हतं. गच्चीवर अँटेना बसवून आकाशातून वेळ घ्यावी, असा अर्ज त्यानं तीन वर्षांपूर्वी केला होता. फाइल शेरा घेऊन परत आली: नेटवर्क बंदिस्त असताना बाहेरची वेळ कशासाठी हवी आहे, याचा खुलासा करावा. त्यानं तीन पानी खुलासा केला. तो वाचायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांना वेळेचं महत्त्व पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कारखान्यात मग त्याचं नावच वेळवाला पडलं. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी हटकून विचारी, काय वेळवाले, आज सूर्य वेळेवर उगवला का? तो म्हणे, मी सही केल्याशिवाय उगवत नाही. या विनोदावर तो स्वतः दर वेळी थोडासा खूश होई, हेही खरं.

घड्याळ मनगटावर बांधून तो निघाला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, कारखान्याची पहिली पाळी सुटून अडीच तास झालेले, ऑफिसं आत्ता सुटत होती. घराकडे जाणारी बस दोन थांबे पुढं मिळाली असती. तो थांब्यापर्यंत गेला, बस आली, दार उघडलं, तो चढला नाही. ड्रायव्हरनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. उद्या अकरा वाजता मास्तर सही करणार आहेत, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात सरळ उभं होतं, बाकी सगळं त्याच्याभोवती घोटाळत होतं.

मास्तर म्हणजे नियंत्रण कक्षातला ऑपरेटर. बत्तीस वर्षं नोकरी, आणि नव्या माणसाला काम शिकवायचं तर त्यांच्याच पाळीत द्यायचं अशी पद्धत, म्हणून मास्तर. यालाही त्यांनीच शिकवलं होतं, कुठली झडप कुठल्या नावानं रुसते इथपासून. तीन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी सकाळी क्लोरीनच्या शेडमध्ये गळती झाली. कक्षातला भोंगा वाजला. शेड दोन किलोमीटर लांब, तिथं एकटा फिटर काम करत होता. मास्तरांनी टेबलावरचा फोन उचलून शेडला लावला, पळ म्हणून ओरडले, आणि नोंदवहीत लिहिलं: अकरा वीसला भोंगा, अकरा एकवीसला फोन. फिटर वाचला, पण छाती जळली. आता तो जिना चढताना प्रत्येक पायरीला उभा राहतो आणि बोलतो ते कुजबुजल्यासारखं. गॅसनं तो तिथंच कोसळला होता, त्यामुळे किती वेळ आत होता हे त्याला सांगता येत नव्हतं. चौकशी बसली. यंत्राची नोंद म्हणाली, भोंगा अकरा वीसला. फोन मात्र बाहेरच्या टेलिफोन कंपनीचा, त्यांचा कागद म्हणाला, फोन लागला अकरा एकतीसला. म्हणजे मधली अकरा मिनिटं मास्तर काय करत होते? आणि वर वहीत अकरा एकवीस लिहिलंय, म्हणजे खोटी नोंदही. मास्तर पहिल्या सुनावणीला ताठ उभे होते. "भोंगा वाजला आणि मी फोन उचलला. भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलं." भिंतीवरचं घड्याळ म्हणजे लाल आकड्यांची पाटी, तीही मुख्य सर्व्हरलाच विचारणारी. चौकशी अधिकारी निवृत्त न्यायाधीश होते, शांत, कोणावर आवाज न चढवणारे. ते म्हणाले, मग घड्याळंच तपासू. आणि त्यांनी वेळवाल्याला बोलावलं.

त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. त्यानं सगळ्या सव्वीस यंत्रांचा अहवाल काढून नेला होता. सर्व यंत्रांची घड्याळे परस्परांशी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळत होती व आहेत, असं लिहून खाली सही. यात एक अक्षर खोटं नव्हतं. सगळी एका माळेचे मणी होती, एकमेकांशी जुळत होती, आणि सगळी मिळून साडेदहा मिनिटं मागं होती. न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे घड्याळं बरोबर होती? तो म्हणाला, जुळत होती, साहेब. त्यांनी लिहून घेतलं, बरोबर होती. तो काही बोलला नाही. जुळणं आणि बरोबर असणं यात फरक काय, हे त्या खोलीत फक्त त्यालाच सांगता आलं असतं. त्याच्या पगाराचं कामच ते होतं. त्या वेळी त्याला वाटलं, एवढ्या बारीक शब्दावर कशाला अडायचं. पण खरंच तेव्हा असंच वाटलं होतं की आत्ता, या फुटपाथवर चालताना, तो स्वतःसाठी हे वाटणं तयार करतोय?

तीन सोमवार होते. ते त्यानं आता एकामागोमाग एक मांडले, भाजीवाल्यानं वजनं मांडावीत तसे. पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, घड्याळ न्हाणीघरात फरशीवर पडलं. कानाला लावलं, टिकटिक चालू होती, विषय संपला. सोमवारी फाटकावर नीट लावलं, नीट आत नेलं. दुसऱ्या सोमवारी फाटकावर पोचतोय तोच बहिणीचा फोन आला. आईच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली होती आणि दोघांपैकी कोणाला रजा मिळते यावरून घोळ. ती म्हणाली, "दादा, तुझ्या नोकरीत एवढं काय असतं रे, घड्याळच तर लावायचं असतं." तो चिडला, तीही चिडली, मागं लोक खोळंबले, पहारेकरी पेटी वाजवायला लागला. त्यानं फोन पेटीत टाकला, टोकन घेतलं आणि तडक आत गेला. आत सर्व्हरसमोर उभा राहिला तेव्हा मनगट म्हणत होतं आठ छप्पन्न आणि पडदा म्हणत होता नऊ सहा. त्याच्या आधीच्या महिन्यात मुख्य सर्व्हरची छोटी बॅटरी मेली होती आणि त्याची वेळ खरोखरच भरकटली होती. म्हणजे पुन्हा तेच. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि वडिलांचं घड्याळ खरं धरलं. बोटांनी आकडे भरले. सर्व्हर साडेदहा मिनिटं मागं आला, त्याच्या मागोमाग पंचवीस यंत्रं निमूट मागं आली, भिंतीवरची लाल पाटी मागं आली. रजिस्टरमध्ये लिहिलं: वेळ लावली. सही. गुरुवारी गळती झाली. तिसऱ्या सोमवारी त्यानं फाटकावर घड्याळ लावलं तेव्हा ते एकवीस मिनिटं मागं होतं. चावी द्यायला विसरलो असेन. आत गेला तर सर्व्हर साडेदहा मिनिटं मागं. बॅटरी. त्यानं वेळ पुढं आणली आणि नव्या बॅटरीची मागणी लिहिली.

तिसऱ्या सोमवारीच गोम होती. त्या सकाळी एकवीस आणि साडेदहा हे दोन्ही आकडे चार मिनिटांच्या अंतरानं त्याच्या हातात आले होते. दीडकी पाठ असलेल्या माणसाच्या हातात. आणि तेव्हा फिटर दवाखान्यात होता, मास्तर निलंबित होते, आणि अकरा मिनिटं, अकरा मिनिटं हा शब्द सगळ्या कारखान्यात माशीसारखा घोंघावत होता. तरी त्यानं दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले नाहीत. माणूस खिडकी बंद करताना बाहेर बघत नाही, तसा त्यानं तो दिवस बंद केला. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. पण सोंग घेता घेता खरीच झोप लागली असेल, तर त्याला काय म्हणायचं? बरं, बाकीच्या खुणाही काही कमी नव्हत्या. त्या आठवड्यात पाळी सुटल्यावरची बस चार दिवस सगळ्यांना हुकली. लोक लाल पाटीवर तीन वाजलेले बघून निघत आणि फाटकाबाहेर येतात तो बस गेलेली. साऱ्या कारखान्यानं ड्रायव्हरला शिव्या घातल्या, तो आपला मोबाइल दाखवून दाखवून सांगत होता की मी वेळेवरच सोडतोय, आणि कोणी ऐकेना, आपापल्या मोबाइलमध्येही बघेना. साडेतीनशे माणसं एकीकडे आणि तो एकटा एकीकडे, तेव्हा चूक कोणाची हे ठरलेलंच होतं. त्याची शेवटी दुसऱ्या मार्गावर बदली झाली. हाही त्या साडेतीनशेतला एक होता. यानंही म्हटलं होतं, फारच मनमानी चालवलीय यानं. आणि त्या दुसऱ्या सोमवारच्या छापील अहवालात नऊच्या आसपासची दहा मिनिटं दोनदा आली होती, तीच ती मिनिटं, वेगवेगळ्या आकड्यांची. ऑफिसातल्या बाईंनी छपाईची चूक समजून त्यातली एक खेप पट्टी ठेवून व्यवस्थित खोडली होती. त्यांनी याला विचारलंही होतं. हा म्हणाला होता, हो, खोडा.

चालत चालत तो मोठ्या चौकाशी आला. सिग्नलवर लाल आकडे उलटे मोजत होते, ते शून्यावर आल्यावर सगळ्यांबरोबर तोही पलीकडे गेला. वडील गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. कामगारांच्या कार्डावर शिक्का मारायचे. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्याच गिरणीत होता, आणि एकदा तो तीन मिनिटं उशिरा आला तेव्हा वडिलांनी तीन मिनिटांचा शिक्का मारला होता. काका वर्षभर घरी आला नाही. आई म्हणायची, तीन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? वडील जेवता जेवता म्हणायचे, "आभाळ नाही कोसळत. पण कार्डावर जे लिहिलं ते झालं, आणि नाही लिहिलं ते झालं नाही. मी खोटं लिहिलं तर मग काय झालं आणि काय नाही, हे कोणी सांगायचं?" लहानपणी त्याला याचा अभिमान वाटायचा, मोठेपणी कंटाळा आला, आणि घड्याळ मनगटावर आलं तेव्हा अभिमान पुन्हा गुपचूप परतला. म्हणून तर त्यानं पडद्यापेक्षा मनगटाला खरं धरलं. त्या घड्याळावर अविश्वास दाखवणं म्हणजे वडिलांच्या ताटातून उठून जाण्यासारखं झालं असतं. आणि वडिलांना कधी विचारायचंच राहून गेलं, की गिरणीचं घड्याळ कोण लावत होतं.

त्यानं बायकोला फोन केला. उशीर होईल, मास्तरांकडे जातोय.

"आज?" ती म्हणाली. "अरे, उद्या त्यांचं ते आहे ना? आज कशाला त्यांना त्रास?"

"काम आहे."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"चालतोय ना, म्हणून."

तिनं विचारलं, "जेवायचं काय?" "येतो जेवायला," तो म्हणाला. तिला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे त्याला माहीत होतं. आधी म्हणाली असती, सांगून टाक. मग दहा मिनिटांनी म्हणाली असती, पण नीट विचार कर, मुलीचं बारावीचं वर्ष आहे. दोन्ही बरोबरच होतं. चौकशीत सही करून दिलेला कागद खोटा ठरला तर नोकरी जाणार, यात शंका नव्हती. गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. काहीच न होणं इतकं सोपं होतं, की उद्या नेहमीसारखं फाटकावर टोकन घ्यायचं, एवढंच करावं लागलं असतं. युनियनच्या सेक्रेटरीनं मास्तरांसाठी रदबदली केली होती: कबुली लिहून दिलीत तर बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती, पेन्शन अर्धी तरी वाचेल. म्हणजे मास्तर उपाशी मरणार नव्हते. हा विचार आला, तेव्हा त्याला स्वतःची खरोखर किळस आली.

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी नेहमीसारखं या म्हटलं नाही, नुसत्या बाजूला झाल्या आणि आत गेल्या. मास्तर टेबलाशी बसले होते. तीन महिन्यांत माणूस वाळला होता, शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती. समोर कबुलीचा कागद होता, सेक्रेटरीनं टाइप करून आणलेला, त्यावर त्यांनी पेन्सिलीनं काही भर घातली होती.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "बस. तू एकदा वाच हे. तुला भाषा कळते अर्जाची."

"मास्तर, मला आधी बोलायचंय."

"वाच तर. त्यांनी नुसतं लिहिलंय, माझ्याकडून हयगय झाली. मला ते पटेना. झालंच आहे, तर नीट तरी सांगावं." त्यांनी कागद आपल्याकडे ओढला आणि वाचल्यासारखं न वाचता सांगायला लागले. "पहिले पंधरा-वीस दिवस मी भांडत होतो. मी म्हणत होतो, मी लगेच उचलला फोन. पण यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला माझ्याशी काय वैर? आणि तू स्वतः तपासून सही केलीस म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मग मी आठवायला बसलो. रोज दुपारी बसायचो, इथंच. आणि हळूहळू आठवलं बघ. भोंगा वाजला. मी फोनकडे बघितलं. हात उचलायचा, तर उचलेना. भीती म्हणशील तर भीतीही नाही. वाटलं, नेहमीसारखा खोटाच वाजला असेल, थांबेल आपोआप. टेबलावर चहाचा गोल डाग होता, त्याच्याकडे बघत राहिलो. वाटलं, त्या पलीकडच्या खोलीतला कोणीतरी उचलेल. अकरा मिनिटं. एवढा वेळ माणूस नुसता बसू शकतो, हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांना शिकवत होतो, की आधी फोन, मग बाकीचं." त्यांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. "फिटरकडे जाऊन आलो गेल्या आठवड्यात. त्याचे पाय धरले. तो म्हणाला, जाऊ द्या मास्तर, झालं ते झालं. त्यानं माफ केलं. आता सही केली की सुटलो."

तो ऐकत होता. चहाचा डाग खरा होता, टेबलावर तो वर्षानुवर्षं आहे. हात खरा, फोन खरा. फक्त ती अकरा मिनिटं जगात कधी झालीच नव्हती. ती यानं मनगटावर बांधून आत नेली होती, आणि एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसानं ती खरी मानून, रोज दुपारी बसून, त्यात स्वतःला भरलं होतं. नोकरी गेली, पेन्शन गेली, हे सगळं भरून निघालं असतं कदाचित. हे कसं काढून घ्यायचं?

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही लगेच उचलला होता फोन."

मास्तर हसले. "आता नको रे समजूत घालू."

"समजूत नाही. घड्याळ मागं होतं. सगळीच. साडेदहा मिनिटं. मी केली होती मागं." आणि त्यानं सांगितलं. पडलेलं घड्याळ, बहिणीचा फोन, आठ छप्पन्न आणि नऊ सहा, बस हुकणं, अहवालात दोनदा आलेली मिनिटं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. भोंगा खरा वाजला साडेअकरा वाजून तीस सेकंदांनी. फोन एकतीसला. अर्धं मिनिट.

मास्तरांनी पेन्सिलीनं घातलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पण मला आठवतंय ना."

"ते नंतर आठवलं तुम्हाला."

"डाग आठवतोय. हात उचलेना, ते आठवतंय. ते कुठून आलं मग?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात चिडल्यासारखं काहीतरी होतं, कोणी आपली वस्तू हातातून ओढत असावं तसं. "फिटरला मी हे सगळं सांगून आलोय. त्यानं मला माफ केलंय. त्याला काय सांगू? माफी परत घे म्हणून?"

"त्याला मी सांगतो. उद्या साहेबांनाही मीच सांगतो, अकराच्या आत. त्या सोमवारचा अहवाल कपाटात आहे, दोनदा आलेली मिनिटं त्यात आहेत. खोडलेली असली तरी कोणालाही दिसतील. बसवाल्यालाही विचारता येईल."

मास्तरांनी टाइप केलेला कागद उलटा केला, कोरी बाजू वर केली आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. "नुसतं तोंडी नको. लिही."

त्यानं लिहिलं. अर्जाची भाषा त्याला येत होती, पण आज ती कामाला आली नाही, साधंच लिहिलं. अमुक सोमवारी मी फाटकावर घड्याळ न लावता आत गेलो. मुख्य सर्व्हरची बरोबर असलेली वेळ मी माझ्या हाताने मागे केली. चौकशीत मी घड्याळे जुळत होती असे सांगितले. ती बरोबर होती असे लिहून घेतले गेले, तेव्हा मी गप्प राहिलो. मग तिसऱ्या सोमवारपाशी येऊन तो अडला. पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. त्यानं लिहिलं: पुढच्या सोमवारी ही चूक माझ्या लक्षात यायला हवी होती.

मास्तर चष्मा लावून वाचत होते, ओळीवर बोट ठेवून. त्या ओळीपाशी बोट थांबलं. "यायला हवी होती, की आली होती?"

त्यांनी हे आरोप केल्यासारखं विचारलं नव्हतं. पाळीवरच्या नव्या माणसाला विचारतात तसंच विचारलं होतं, झडप अर्धी उघडलीस की पूर्ण. नाही, असं तो म्हणू शकला असता. कोणाला कळलं असतं? पण आता त्याचं त्यालाच इतकं स्वच्छ दिसत होतं: तिसरा सोमवार, एकवीस, मग चार मिनिटं चालणं, मग साडेदहा, आणि त्या दोन आकड्यांच्या मध्ये छातीत जे एकदम गार पडलं होतं ते. बॅटरीची मागणी लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. त्यानं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: पुढच्या सोमवारी ही चूक माझ्या लक्षात आली होती. मग तारीख घातली आणि सही केली.

मास्तरांनी कागद उचलला, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला, घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आत बघून ते हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? मी लगेच उचलला होता फोन."

आत कपाटाचं दार लागलं. मग वहिनी दाराशी आल्या, हातात घड्या करायचे कपडे तसेच होते, आणि त्या याच्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मग पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय सांगत होते तुम्हाला?"